"कुठली गाडी?" – सवयीने काय काय ऐकू येईनासं होतं

ठाकुर्लीकर | १२ सप्टेंबर, रात्री ११:४०

मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर रुळांना लागून. म्हणजे बिल्डिंग, कंपाउंडची भिंत, थोडं गवत आणि रूळ. २०११ ला राहायला आलो तेव्हा पहिले दोन महिने घरात कोणी धड झोपलं नाही. फास्ट लोकल गेली की मांडणीवरची भांडी किणकिणायची, मालगाडी आली की खिडकीची काच थरथरायची आणि पहाटेच्या एक्स्प्रेसचा हॉर्न तर थेट उशीखालीच वाजायचा. बायको म्हणाली घर विकून टाकू. मग कधीतरी ते थांबलं, कधी ते सांगता येणार नाही कारण थांबलेलं कळतच नाही. दिवाळीला सासूबाई मिरजेहून आल्या, सकाळी डोळे लाल, म्हणाल्या रात्रभर गाड्या चालू होत्या, तुम्ही झोपता तरी कसे? आणि मी अगदी मनापासून विचारलं, "कुठली गाडी?"

हा किस्सा मी दहा-बारा वर्षं सगळ्यांना कौतुकाने सांगत आलो. आता सांगवत नाही.

बाबा आमच्याकडेच असतात, वय ७१. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसा खोकला सुरू झाला. आधी आलं-मध, मग मेडिकलमधून आणलेलं सिरप, मग "या हवेत सगळेच खोकतात". मग तो चालू राहिला आणि आम्ही ऐकायचे थांबलो. बायकोने नंतर मला दाखवून दिलं, रात्री बातम्या बघताना बाबांना उबळ आली की माझा हात रिमोटवर जायचा आणि आवाज दोन पॉइंट वाढवायचा. मला आठवतही नाही, पण ती म्हणते रोज.

गणपतीला आत्या आली. चहा पिऊन होईपर्यंत बसली असेल, मला आत बोलावून म्हणाली, "दादा कधीपासून असा खोकतोय रे?" मी म्हटलं, असा म्हणजे? तिने दारामागच्या खुंटीवरचा बाबांचा पट्टा काढून हातात दिला. त्याला दोन नवी भोकं होती, खिळ्याने पाडलेली, वेडीवाकडी. पँट ढिली होत गेली म्हणून बाबांनी स्वतःच पाडली होती, कुणाला त्रास नको म्हणून बोलले नाहीत. त्याच खुंटीला मी रोज ऑफिसची बॅग अडकवतो.

थुंकी तपासली, टीबी निघाला. डॉक्टरांनी विचारलं किती दिवस खोकला आहे, मी म्हणालो दोनेक आठवडे, आत्या मागून म्हणाली अडीच महिने. औषधं सुरू होऊन आठ दिवस झालेत, सहा महिने घ्यायची आहेत, बरे होतील म्हणालेत. आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, बाकी कोणाला काही नाही. पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, ही पाटी स्टेशनजवळच्या दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेली आहे, मी तिच्यासमोरून रोज जातो.

तर विचारायचं होतं, हे नक्की होतं काय? आणि तुमच्या घरी, कामावर असं काही झालंय का? मोकळेपणाने लिहा.

---

सौदामिनी_क | १३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

दादा आधी बाबांना लवकर बरं वाटू दे. औषधाचा एकही डोस चुकवू देऊ नका, मध्येच बरं वाटायला लागलं की लोक सोडून देतात आणि तिथेच घात होतो. सरकारी केंद्रात औषधं फुकट मिळतात आणि पोषण आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवले), त्याची नोंदणी झाली नसेल तर करून घ्या. आणि स्वतःला फार लावून घेऊ नका हो.

---

मंजिरी_शिकवते | १३ सप्टेंबर, दुपारी ३:०५

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तुमचा पट्ट्याचा भाग वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही. पण तुम्ही विचारलंय म्हणून सांगते.

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द आहे. सकाळी उठल्याबरोबर हात चहाच्या पातेल्याकडे जातो, तीही सवय. गाडी ऐकू येत नाही, तीही सवय. पहिल्यात शरीर न सांगता काहीतरी करायला लागतं, दुसरीत करायचं सोडून देतं. तुमच्या बाबतीत दोन्ही एकावर एक बसल्या, खोकला ऐकू यायचा बंद झाला आणि हात मात्र रिमोटवर जायला शिकला.

दुसऱ्या प्रकारावर गाजलेलं काम एका समुद्री गोगलगायीवर झालंय, अप्लिशिया तिचं नाव. तिच्या मज्जासंस्थेत साधारण वीस हजारच पेशी, त्याही मोठ्या, म्हणून एरिक कँडल या शास्त्रज्ञांनी ती निवडली. तिच्या अंगावरच्या नळीला हलकेच पाणी लागलं की ती कल्ला आत ओढून घेते. पुन्हा लागलं, पुन्हा ओढते. दहा-एक वेळा झालं की जेमतेम हलवते, कारण त्या स्पर्शानंतर वाईट काहीच घडत नाही. पेशी थकलेली नसते, ती पुढच्या पेशीकडे निरोपच कमी धाडायला लागते. हेच काही दिवस रोज केलं तर तो परिणाम आठवडेच्या आठवडे टिकतो. आणि शेपटीला एक शॉक दिला की ती परत पहिल्यासारखी कल्ला ओढते! तुमच्या आत्याचा प्रश्न म्हणजे तो शॉक. कँडलना याच कामासाठी २००० साली नोबेल मिळालं.

आता मला स्वतःला जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते. सोकोलोव्ह नावाचे रशियन शास्त्रज्ञ होते, ते लोकांना एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकवायचे. माणूस थोड्या वेळाने लक्ष देईनासा व्हायचा. मग ते तोच सूर जरा हळू वाजवायचे, किंवा मध्येच लवकर थांबवायचे, आणि माणूस लगेच सावध! कान नुसता बधिर झाला असता तर हळू आवाजाने जाग कशी आली असती? म्हणजे मेंदूने त्या आवाजाचा ठसा घेऊन ठेवलेला असतो, येणारा प्रत्येक आवाज त्याच्याशी ताडून बघतो आणि जुळला की सोडून देतो. रात्री लाइट जाऊन पंखा थांबला की आपल्याला जाग येते ना, ते हेच.

म्हणून "ऐकू येत नव्हतं" हे तितकंसं खरं नाही. येत होतं, पण "हे माहितीये" म्हणून दाराबाहेरूनच परत जात होतं. आणि अजून एक, गाड्यांच्या आवाजाने जाग यायची थांबली तरी झोपेतल्या माणसाच्या हृदयाचे ठोके गाडी गेली की वाढतात, ते सवयीने पूर्ण जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपच्या कार्यालयाने २०१८ मध्ये रेल्वेच्या आवाजासाठी रात्रीची मर्यादा सरासरी ४४ डेसिबल सुचवली ती याच कारणांसाठी. तुमच्या खिडकीत त्याहून बराच जास्त असणार. खिडकीचं बघाच.

---

मागवाला_इचलकरंजी | १३ सप्टेंबर, रात्री ९:५०

मंजिरीताई, चांगलं समजावलंत, पण आमच्याकडं सवय म्हणून जे सांगतात त्यातली निम्मी सवय नसतेच, ते बोलणं भाग आहे.

आमचा तीन पिढ्यांचा यंत्रमागाचा धंदा. साधा माग, धोट्याचा. शेडमध्ये चोवीस माग एकदम चालू झाले की शेजारच्या माणसाशी बोलायला कानाला तोंड लावावं लागतं, नाहीतर खुणा. नवा पोरगा कामाला आला की पहिले आठ दिवस डोकं धरून बसतो, कानात कापसाचे बोळे घालतो, महिन्याभरात बोळे टाकून देतो आणि म्हणतो सवय झाली शेठ. वडील पण तेच सांगायचे, पन्नास वर्षं झाली आता मला काय होत नाही.

त्यांच्या कानाची तपासणी केली, तर बारीक आवाज पार गेलेले. डॉक्टर म्हणाले आवाजाने कान जातो तेव्हा आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं जातं. म्हणजे काय, तर माग ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो, नात फोनवर "आजोबा" म्हणते ते येत नाही. ते नुसतं हूं हूं करत राहतात आणि फोन माझ्याकडं देतात. लग्नात कोणी मागनं हाक मारली तर बघत नाहीत, लोक म्हणतात म्हाताऱ्याला माज आला. सवय असती तर चार दिवस गावाला जाऊन आल्यावर परत ऐकू आलं असतं. हे मेलेलं आहे, परत येत नाही.

कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे कागदावर. धोट्याचा माग त्याच्या वर सहज जातो, आणि ३ डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते हे कुणाला सांगितलेलं नसतं. पाळी पण बारा तासांची. मी आता शेडमध्ये इअरमफ आणून ठेवलेत. चौघं घालतात. बाकीचे म्हणतात सवय आहे, आणि मी रोज भांडतो.

---

ठाकुर्लीकर | १३ सप्टेंबर, रात्री ११:२०

मंजिरीताई, "दाराबाहेरूनच परत जात होतं" हे वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. मागवाले, भांडत राहा.

---

नाइट_ड्युटी | १४ सप्टेंबर, पहाटे ५:३०

ड्युटी संपवून लिहितेय. मी आयसीयूत सिस्टर आहे, चौदा वर्षं.

आमच्याकडे मॉनिटर सतत वाजत असतात. पेशंट कुशीवर वळला, वाजला. छातीवरचं इलेक्ट्रोड घामाने सुटलं, वाजला. बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा प्रोब निसटला, वाजला. बहुतेक अलार्ममध्ये करण्यासारखं काही नसतं. नवीन मुलगी जॉइन झाली की प्रत्येक आवाजाला धावते, महिन्याभराने चालत जाते, सहा महिन्यांनी जागेवरून बघते. आम्ही वाईट नर्स असतो म्हणून नाही होत हे. गोगलगायीचं वाचलं आणि वाटलं हे आमचंच.

पूर्वी एका हॉस्पिटलात होते तेव्हाची गोष्ट. बेड पाचचा ऑक्सिजनचा अलार्म संध्याकाळपासून वाजत होता कारण प्रोब सारखा निघत होता, दर वेळी मी जाऊन बसवायचे. रात्री तीनला मी दुसऱ्याची फाइल लिहीत होते, तो वाजला आणि मी मान न वळवता हात लांब करून सायलेन्सचं बटण दाबलं. दीड मिनिटात त्या आजोबांची सून काचेवर हात आपटत होती. या वेळी प्रोब जागेवर होता. आजोबांचे ओठ निळे पडले होते. वाचले ते, घरी गेले. पण ठाकुर्लीकर, तुमचा हात रिमोटवर गेला ना, माझा त्या बटणावर गेला होता.

तेव्हापासून माझा नियम, आणि आता वॉर्डातल्या सगळ्या मुलींना लावलेला: बटणाला हात लावायच्या आधी पेशंटच्या तोंडाकडे बघायचं. स्क्रीनकडे नाही, तोंडाकडे. इलेक्ट्रोड रोज बदलायचे, आधी त्वचा कोरडी पुसून. अलार्मच्या मर्यादा डॉक्टरांना विचारून त्या पेशंटप्रमाणे लावायच्या, मशीनमधून आल्या तशाच नाही ठेवायच्या, म्हणजे खोटा अलार्म मुळात कमी वाजतो. जास्त लक्ष द्या असं नुसतं सांगून काही होत नाही हो, माणूस तेवढं देऊच शकत नाही. आवाजच कमी करावा लागतो, तेव्हा उरलेला ऐकू येतो.

---

हुरडा_मंगळवेढा | १४ सप्टेंबर, दुपारी १:१०

सिस्टर, शेवटचं वाक्य लाखमोलाचं बोललात.

आमची ज्वारीची जमीन. कणीस दाण्यात आलं की पाखरांची झुंबड. बुजगावणं उभं केलं की दोन-तीन दिवस पाखरू फिरकत नाही, चौथ्या दिवशी चिमण्या त्याच्या हातावर बसून दाणे टिपतात. चमकणाऱ्या रिबिनी लावल्या, आठवडाभर. फटाके लावले, त्याचंही तेच. आजा माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचा, पण दिवसात जागा बदलायचा, ओरडायचा पण वेगवेगळं. त्यो म्हणायचा पाखराला खोटं कळतं. धोका नुसता दाखवला आणि झालं काहीच नाही की त्याला समजतं हे माणूस न्हाई. गोफणीचा दगड खरा येतो म्हणून गोफणीची सवय होत नाही.

आता माळ्यावर उभं राहायला माणूस मिळत नाही ते वेगळं दुखणं.

---

म्युनिकहून | १४ सप्टेंबर, रात्री १०:००

इथे सहा वर्षं आहे. रात्री १० ते सकाळी ६ आवाज बंद, रविवारी ड्रिल मशीन लावलं तर शेजारी बेल वाजवतात. आपल्याकडेही नियम आहेतच, २००० सालचे, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पुण्याला उतरल्यावर पहिले चार दिवस हॉर्नने डोकं दुखतं, पंधराव्या दिवशी मी स्वतः हॉर्न वाजवत गाडी चालवतो.

पण लिहायचं होतं वासाबद्दल. आईकडून आणलेली बॅग इथे आल्यावर उघडली की एक वास येतो, हिंग, देवघरातली उदबत्ती, डांबराच्या गोळ्या आणि अजून काहीतरी ज्याला नाव नाही. तो आमच्या घराचा वास. पंचवीस वर्षं त्या घरात राहिलो आणि आमच्या घराला वास आहे हे मला माहीतच नव्हतं. नाकाला तर काही मिनिटांतच सवय होते म्हणतात. बॅग उघडली की मी आधी तोंड आत घालतो, पाच मिनिटं, मग तो जातो. बायको आता बॅग एकदम रिकामी करत नाही, चेन लावून ठेवते, रविवारी परत उघडते.

---

विरार_फास्ट | १५ सप्टेंबर, सकाळी ९:२०

सगळ्यांचं वाचलं, पण दुसरी बाजू मांडतो. सवय नसती तर आपण जगलोच नसतो. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले. माझा मित्र मीरा रोडला उतरणार होता, त्यातल्याच एका गाडीत होता, कान गेला एक. दुसऱ्या दिवशी लोक त्याच फर्स्ट क्लासच्या डब्यात चढले. मीही चढलो. पहिले पंधरा दिवस रॅकवरच्या प्रत्येक बॅगेकडे बघायचो, मग बघायचं बंद झालं. झालं ते बरंच झालं. रोज भीत कोण जगेल? पोट आहे.

---

दिवा_जंक्शन | १५ सप्टेंबर, सकाळी १०:०५

विरार, तुमचं दुःख समजतंय, पण त्याच सवयीने आपण काय काय गिळतो ते पण बघा. मुंबईच्या लोकलवर वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं मरतात. रूळ ओलांडताना, दारातून पडून, खांब लागून. स्टेशनवर स्ट्रेचर जातं तेव्हा आपण पाय मागे घेतो आणि इंडिकेटरकडे बघतो. रोज मरे त्याला कोण रडे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जाताना दारातली माणसं एकदम पडली, तेव्हा कुठे बातम्या, बैठका आणि नव्या लोकलला आपोआप बंद होणारी दारं लावायची घोषणा झाली. एकेक करून गेले असते तर कोणी मान वर केली नसती. मी त्या मार्गावर रोज दारात उभा असतो कारण आत जायला जागाच नसते, आणि त्या आठवड्यात माझी आई रोज फोन करायची. आता तीही करत नाही.

---

जाईजुई | १५ सप्टेंबर, दुपारी ४:३०

लिहू की नको करत होते. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे. होता. सिंकवरच्या खिडकीत, पालथा, कडेला टवका उडालेला, निळ्या फुलांचा. माझ्या सासूबाईंनी ठेवलेला, त्या गेल्या तरी तो तिथेच. मी शिकलेली, नोकरी करते, जातपात मानत नाही असं दहा जणांत सांगते, आणि अकरा वर्षं रोज सकाळी त्या कपात चहा ओतत होते. माझ्या सात वर्षांच्या मुलीने विचारलं, "मावशींना आपले कप आवडत नाहीत का?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्याच कपात चहा दिला तर मावशींनी तो घेतला नाही, खिडकीकडे बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मी तो कप टाकून दिला. त्यांनी आता आमच्या कपात घेतला, पण उभ्यानेच, आणि प्यायल्यावर स्वतः दोनदा विसळला.

---

जुना_वाचक | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१५

विषय खोकल्यावरून कुठे चाललाय? जातीपातीचे धागे वेगळे आहेत, इथे नको.

---

मंजिरी_शिकवते | १५ सप्टेंबर, रात्री ८:४०

जुना वाचक, मला तर तो अगदी धाग्यावरच वाटतो. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. आणि तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यायले तोवर तीन वर्षं अस्पृश्य मानलेल्यांपैकी कोणी ओंजळ भरली नव्हती. कागद बदलला होता, डोळे आणि हात नव्हते बदलले. त्या गावात रोज तळ्यावर जाणाऱ्या किती भल्या माणसांना कोण इथे नाही हे दिसतच नसेल.

---

नागसेन_औ | १५ सप्टेंबर, रात्री ९:३०

मंजिरीताई, मान ठेवून दुरुस्ती करतो. न दिसण्याची सवय पाणी भरणाऱ्यांची. जे गेले नाहीत त्यांची ती सवय नव्हती, मार खायची भीती होती, आणि ती खरी होती, तळ्यावरून परतल्यावर लोकांची डोकी फोडली गेली त्या दिवशी. वर हुरडावाल्यांनी लिहिलंय ना, गोफणीचा दगड खरा येतो म्हणून तिची सवय होत नाही. माझी आजी कुणाच्या घरी पाणी मागायची नाही, उन्हात तहानलेली घरी यायची. लोक म्हणायचे तिला सवय आहे. जाईजुई, तुमच्या मावशी कप दोनदा विसळतात त्याला सवय म्हणू नका. त्यांना बसायला सांगा. रोज सांगा.

---

जाईजुई | १५ सप्टेंबर, रात्री ९:५५

सांगते. उद्यापासून.

---

ठाकुर्लीकर | ९ ऑक्टोबर, पहाटे २:५०

बऱ्याच दिवसांनी आलो. मंजिरीताईंचं ऐकून बाबांच्या खोलीच्या खिडकीला दुहेरी काच बसवून घेतली. सिस्टर, तुमचा नियम मी घरात लावलाय, रोज ऑफिसातून आलो की बॅग अडकवायच्या आधी बाबांच्या तोंडाकडे बघतो. वजन दीड किलो वाढलंय. परवा पट्टा एक भोक पुढे लावला त्यांनी आणि मला बोलावून दाखवला.

खोकला जवळपास थांबलाय. आणि चार दिवस झाले, मला रात्री दोन-अडीचला जाग येते. पहिल्या रात्री कळेना कशाने, गाडी नव्हती, पंखा चालू होता. मग लक्षात आलं की पलीकडच्या खोलीतून काहीच येत नाहीये. उठून दारात जाऊन उभा राहतो, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात पांघरूण वरखाली होताना दिसतं, मग परत येऊन पडतो. आत्ताही तिथूनच आलो.